मुदत संपलेले औषध : घ्यावे की टाकावे?

"डॉक्टर, एवढी म्हाग गोळी, टाकायची व्हय?" गेल्या आठवड्यात दवाखान्यात आलेल्या एका आजींनी पिशवीतून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून मला विचारले. पट्टीवरची मुदत संपून सात महिने झाले होते. आजी नवी पट्टी न आणता हीच पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेत होत्या. रक्तदाब मोजला तर १८०/१००. यात दोष जुन्या गोळीचा किती आणि मधल्या खाड्यांचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो कुरुंदवाडात मला पुष्कळ जण विचारतात.

प्रथम मुदत म्हणजे काय ते पाहू. पट्टीवर जो महिना छापलेला असतो, त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. सांगितल्याप्रमाणे ठेवले तर तोपर्यंत औषधाचा गुण पुरेसा राहील, अशी कंपनीची ती हमी असते. दुसऱ्या दिवशी गोळीचे विष होते असे नाही. अमेरिकेत लष्करासाठी साठवलेल्या औषधांची १९८६ पासून मुदतीनंतरही तपासणी होत आली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात १२२ औषधांचे ३००५ साठे होते. त्यांतील ८८ टक्के साठ्यांची मुदत निदान एक वर्षाने वाढवता आली.

हे वाचून कोणी जुना डबा उघडू नये. ती औषधे मूळ वेष्टनात, योग्य तापमानाच्या कोठारात होती आणि प्रत्येक साठा प्रयोगशाळेत तपासला गेला होता. आपली औषधे कुठे असतात? पत्र्याच्या छपराखाली, चुलीशेजारच्या फळीवर, नाहीतर फ्रिजच्या डोक्यावर, जिथे सदा ऊब असते. बहुतेक गोळ्यांना ३० अंशांखालची कोरडी जागा लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत घरात तेवढे तापमान राहत नाही. त्यामुळे पुष्कळदा मुदत शिल्लक असतानाच औषध बिघडते. ॲस्पिरिनच्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की त्या गेल्या म्हणून समजावे. मात्र बहुतेक औषधे अशी खूण देत नाहीत, ती दिसायला तशीच राहतात.

खरा धोका बहुधा विषबाधेचा नसतो. टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाच्या खराब झालेल्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्ण १९६३ साली नोंदले गेले होते. पुढे त्या गोळीची घडण बदलली. धोका असतो तो औषध ऐनवेळी कमी पडण्याचा. डोकेदुखीची गोळी थोडी कमी लागू पडली तर डोके तासभर जास्त दुखेल, एवढेच. पण छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी, फिटची गोळी किंवा इन्सुलिन कमी पडले तर जिवावर बेतते. प्रतिजैविक कमी पडले तर जंतू मरत नाहीत, उलट निगरगट्ट होतात. या औषधांच्या बाबतीत एका दिवसाचीही सवलत घेऊ नका.

पातळ औषधांचे गणित आणखी निराळे. मुलांच्या प्रतिजैविकाच्या पावडरीत पाणी घातले की ते साधारण सातच दिवस टिकते, काही थोडे अधिक. ते लेबलवर लिहिलेले असते. बाटलीवर दोन वर्षांची मुदत असली तरी ती कोरड्या पावडरीची. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिन्याभरात टाकावेत, कारण पुढे बाटलीत जंतू शिरण्याची भीती असते.

आपल्या गावाला यात पुराची भर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ओसरल्यावर लोक चिखलातून औषधांचे डबे काढत होते. पुराच्या पाण्यात बुडालेले औषध, मग त्याची मुदत दोन वर्षे शिल्लक का असेना, टाकूनच द्यावे. इन्सुलिनचे तसे नाही. वीज गेली म्हणून ते लगेच वाया जात नाही. २५ ते ३० अंशांखाली बहुतेक इन्सुलिने सुमारे चार आठवडे चालतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात ठेवल्यास उन्हाळ्यातही बरीच सोय होते. मात्र एकदा गोठलेले इन्सुलिन कधीच वापरू नये.

एक छोटी गोष्ट. मुदत बहुधा पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते. गोळ्या दुसऱ्या टोकापासून काढाव्यात, म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते. दुकानदार पट्टी कापून देत असेल तर बिलावर मुदत लिहून मागावी.

टाकायची कशी? कृष्णेत किंवा पंचगंगेत नक्कीच नाही, आणि उघड्या उकिरड्यावरही नाही, तिथे पोरे आणि जनावरे फिरतात. दुकानदार परत घेत असेल तर उत्तम. नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढून राखेत किंवा वापरलेल्या चहापत्तीत कालवाव्यात आणि पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्याव्यात. अपवाद मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडोल अशा कडक औषधांचा. ती चुकून कोणी घेतली तर एका मात्रेतही जीव जाऊ शकतो, म्हणून केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ साली अशी १७ औषधे संडासात टाकून पाणी ओतायला सांगितले आहे.

आजींची पट्टी मी ठेवून घेतली. त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी लिहून दिली आणि रोज एक घ्यायला सांगितली. पुढच्या सोमवारी त्या रक्तदाब दाखवायला येणार आहेत.