वीजबिल : दर कोण ठरवतो आणि दाद कोठे मागावी?

गावात वीज येणे ही एके काळी प्रगतीची पहिली खूण मानली जात असे. आज घरातील दिवा व पंखा, विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, नळपाणी योजना, शाळेतील संगणक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींचे शीतकपाट हे सारे विजेवर अवलंबून आहे. साहजिकच वीजबिलात होणारी वाढ ही केवळ एका कुटुंबाची अडचण राहत नाही, तर तिचा परिणाम गावाच्या सार्वजनिक व्यवहारावरही होतो. बिल वाढले म्हणजे पहिला रोष मीटरचे वाचन घेणाऱ्या कर्मचाऱ्यावर किंवा गावच्या वायरमनवर येतो. वस्तुतः दरनिश्चितीशी या दोघांचाही संबंध नसतो. वीज निर्माण कोण करतो, ती वाहून कोण आणतो, दर कोण ठरवतो आणि सवलतीचा भार कोण उचलतो, या चार प्रश्नांची उत्तरे चार ठिकाणी आहेत. ती ठाऊक नसल्यास रास्त तक्रारही चुकीच्या दारी जाते आणि तशीच पडून राहते.

मंडळापासून कंपन्यांपर्यंत

वीज हा विषय भारतीय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे केंद्र व राज्य या दोघांनाही त्यासंबंधी कायदे करता येतात. १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमान्वये राज्याराज्यांत विद्युत मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीबरोबरच १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. निर्मिती, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे या एकाच मंडळाकडे होती. कोयनेचे जलविद्युत केंद्र, कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ व नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक केंद्रे आणि खेड्यापाड्यांत पोचलेल्या वाहिन्या ही त्या काळातील कामगिरी होय. त्या काळी दराचा निर्णय मंडळ व शासन यांच्या पातळीवरच होत असे. ग्राहकाला त्यात बोलण्यास वाव नव्हता.

१९९८ मध्ये केंद्राने विद्युत नियामक आयोग अधिनियम केला व त्यानुसार १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना झाली. पुढे विद्युत अधिनियम, २००३ अमलात आला. त्याला अनुसरून ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन एक सूत्रधारी कंपनी व तिच्या अंतर्गत महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या तीन कंपन्या स्थापन झाल्या. या कंपन्यांची मालकी राज्य शासनाकडेच राहिली. मात्र त्यांचा हिशेब वेगळा झाला आणि दर ठरविण्याचा अधिकार आयोगाकडे गेला.

मुंबईची घडण निराळी आहे. तेथे बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम, तसेच टाटा पॉवर व अदानी इलेक्ट्रिसिटी या खाजगी कंपन्या वीज वितरण करतात. मुलुंड व भांडुप या उपनगरांत मात्र महावितरणचा पुरवठा आहे. भिवंडीत २००७ पासून वितरणाचे काम फ्रँचाइझी पद्धतीने खाजगी कंपनीकडे देण्यात आले. नागपूर, औरंगाबाद व जळगाव येथेही ही पद्धत अवलंबिली गेली, परंतु या तिन्ही ठिकाणचे काम नंतर महावितरणकडे परत आले. अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था अनेक वर्षे आपल्या क्षेत्रात वितरण करीत होती. २०११ मध्ये तिचे क्षेत्रही महावितरणकडे आले. वितरण शासकीय कंपनीचे असो, खाजगी असो वा सहकारी असो, ग्राहकाला लागणारा दर आयोगाच्या आदेशानुसारच आकारावा लागतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दर ठरतो कसा?

वितरण कंपनी आपल्या अपेक्षित खर्चाचा व उत्पन्नाचा तपशील देऊन आयोगापुढे याचिका सादर करते. अधिनियमाच्या कलम ६४ नुसार तिचा सारांश वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्यावर कोणत्याही ग्राहकाला लेखी सूचना व हरकती पाठविता येतात. आयोग सुनावणी घेतो, खर्चाची छाननी करतो, मान्य न होणारा खर्च वगळतो आणि कारणांसह आदेश काढतो. या आदेशाविरुद्ध विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

मागणी केलेला सर्व खर्च मान्य होतोच असे नाही. परंतु मान्य झालेला खर्च दरातून वसूल करावाच लागतो. या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा असतो. महानिर्मितीखेरीज केंद्राच्या एनटीपीसीसारख्या कंपन्या, अणुऊर्जा केंद्रे, खाजगी प्रकल्प तसेच पवन व सौर प्रकल्प यांच्याकडून वीज घेतली जाते. औष्णिक प्रकल्पांशी होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या करारांत सामान्यतः दोन प्रकारचे आकार असतात. एक स्थिर आकार, म्हणजे प्रकल्प सज्ज ठेवल्याबद्दल द्यावयाची रक्कम, आणि दुसरा इंधनाचा आकार. प्रकल्प सज्ज असूनही वीज घेतली नाही, तरी स्थिर आकार चुकत नाही.

दाभोळच्या प्रकल्पाने हा धडा महाराष्ट्राला महागात शिकविला. १९९३ मध्ये खरेदीचा करार झाला आणि १९९९ मध्ये सुमारे ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. ती वीज परवडेनाशी झाल्याने मंडळाने २००१ मध्ये खरेदी थांबविली. कराराच्या वेळी केलेला मागणीचा अंदाज, इंधनाचा भाव आणि चलनाचा विनिमय दर यांतील चूक पुढे वर्षानुवर्षे ग्राहकाच्या वा शासनाच्या तिजोरीतून भरून काढावी लागते. म्हणूनच दराच्या सुनावणीइतकेच वीजखरेदीच्या करारांकडेही लोकांचे लक्ष असणे अगत्याचे आहे.

दुसरा मोठा घटक गळतीचा. तारांमधून होणारी तांत्रिक गळती, वीजचोरी आणि सदोष मीटर यांमुळे खरेदी केलेल्या सर्व विजेचे पैसे होत नाहीत. १०० युनिट खरेदी करून त्यांतील ८० युनिटांचेच बिल होत असेल, तर १०० युनिटांची किंमत ८० युनिटांवर पडते. म्हणजेच दर युनिटामागे खर्च २५ टक्क्यांनी वाढतो. गळतीची किती मर्यादा मान्य करावयाची हे आयोग ठरवतो. त्यापुढील नुकसानीचा सर्व भार ग्राहकावर टाकता येत नाही. तरीही आकडा टाकून घेतलेल्या विजेचा काही भार अखेरीस प्रामाणिक शेजाऱ्याच्या बिलात उतरतो, हे नाकारता येणार नाही.

बिलातील रकाने

बिलावर एकूण रक्कम ठळक छापलेली असते. वाचावयाचे असतात ते तिच्यावरील रकाने. ‘स्थिर आकार’ वापर असो वा नसो द्यावा लागतो. ‘वीज आकार’ वापरलेल्या युनिटांवर, तर ‘वहन आकार’ वीज वाहून आणण्याबद्दल असतो. ‘इंधन समायोजन आकार’ हा इंधनाच्या व वीजखरेदीच्या खर्चातील चढउतारानुसार कमीजास्त होतो. २०२२ मध्ये कोळशाची टंचाई व आयात कोळशाचे चढे भाव यांमुळे या रकान्याने अनेकांचे लक्ष वेधून घेतले होते. ‘वीज शुल्क’ हा मात्र राज्य शासनाचा कर होय. तो कंपनीच्या उत्पन्नाचा भाग नाही आणि आयोग तो ठरवीत नाही.

घरगुती वीज आकार टप्प्यांनी वाढतो. गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत १००, ३०० व ५०० युनिट अशा टप्प्यांच्या सीमा राहिल्या आहेत. याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वापर १०० युनिटांच्या पुढे गेला की सर्व युनिटांना चढा दर लागतो, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ११० युनिट वापर झाल्यास पहिल्या १०० युनिटांना पहिल्या टप्प्याचाच दर लागतो आणि उरलेल्या १० युनिटांपुरता दुसऱ्या टप्प्याचा दर लागू होतो.

२०२० मधील टाळेबंदीच्या काळात हा प्रश्न राज्यभर गाजला. मार्च अखेरीपासून मीटरवाचन थांबले व हिवाळ्यातील वापराच्या सरासरीने बिले दिली गेली. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले तेव्हा उन्हाळ्यातील वाढलेला वापर एकदम बिलात आला. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. अशा प्रसंगी एकूण युनिट महिन्यांनी भागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ दिला आहे की नाही, हे पाहणे महत्त्वाचे असते. एरवीही बिलावरील मागील व चालू वाचन मीटरवरील आकड्यांशी ताडून पाहावे.

वापराचा हिशेब कठीण नाही. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट वीज खर्च होते. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास चालल्यास महिन्याला २७ युनिट लागतात. तोच सुमारे ३० वॅटचा नव्या पद्धतीचा असल्यास ११ युनिटांच्या आत भागते. पाणी तापविण्याचे २,००० वॅटचे यंत्र रोज अर्धा तास लावले, तरी महिन्याला ३० युनिट होतात.

सवलतीचा भार कोणावर?

महाराष्ट्रात उद्योग व व्यापारी ग्राहकांचे दर दीर्घकाळ पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा अधिक, तर शेतीचे व अल्प वापराच्या घरगुती ग्राहकांचे दर त्याहून कमी राहत आले आहेत. सवलतीचा एक मार्ग हा, आणि दुसरा शासनाच्या अनुदानाचा. एखाद्या वर्गाला आयोगाने ठरविलेल्या दरापेक्षा कमी दराने वीज द्यावयाची असल्यास राज्य शासनाने त्या फरकाची रक्कम आगाऊ द्यावी, असे अधिनियमाचे कलम ६५ सांगते. २०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली, तिचा खर्चही शासनानेच उचलावयाचा आहे.

सवलत देऊ नये असा याचा अर्थ नाही. कोरडवाहू मुलखात पंपाची वीज हा उपजीविकेचा प्रश्न आहे. मात्र सवलत फुकट नसते. ती इतर ग्राहकांच्या दरातून येते किंवा करदात्याच्या पैशातून येते, आणि दोन्हींपैकी काहीच वेळेवर आले नाही तर कंपनीची थकबाकी वाढून दुरुस्ती व नव्या वाहिन्यांची कामे मागे पडतात. शेतीला दिवसा व स्वस्त वीज मिळावी यासाठी २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. घरांसाठी केंद्राने २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आणली. तीत छतावरील १ किलोवॅटच्या संचास ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेस ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले.

दाद मागण्याचा मार्ग

बिल चुकीचे वाटल्यास प्रथम स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. तेथे निराकरण न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे अर्ज करता येतो. वीजचोरीची प्रकरणे मात्र या मंचापुढे चालत नाहीत.

कलम ५६ मधील तीन तरतुदी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. बिलासंबंधी वाद असल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तसेच जी रक्कम बिलात सतत थकबाकी म्हणून दाखविलेली नाही, ती देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. ग्राहकाची सुरक्षा ठेव ही त्याचीच रक्कम असून तिच्यावर व्याज मिळते.

ग्रामपंचायत व शाळा यांची भूमिका

ग्रामपंचायत ही स्वतःच एक मोठी ग्राहक आहे. पथदिव्यांचे व पाणीपुरवठ्याचे बिल थकले म्हणजे अंधार व कोरडे नळ हा दंड ज्यांनी पाणीपट्टी वेळेवर भरली त्यांनाही भोगावा लागतो. म्हणून दरमहाच्या मासिक सभेपुढे या जोडण्यांचे वाचन व बिल ठेवावे. दिवसा जळणारे पथदिवे, बंद मीटर आणि वापरात नसलेल्या जोडण्या यांची नोंद घ्यावी. शाळांनीही आपली जोडणी कोणत्या वर्गवारीत आहे हे तपासावे. २०१२ च्या दर आदेशापासून ‘सार्वजनिक सेवा’ अशी स्वतंत्र वर्गवारी आहे. शासकीय वा स्थानिक संस्थेच्या शाळेचे बिल चुकून व्यापारी दराने येत असल्यास वर्ग बदलण्यासाठी अर्ज करता येतो. सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला घरचे वीजबिल हा उदाहरणाचा विषय झाला, तर विद्यार्थ्यांबरोबर पालकांचेही शिक्षण होईल.

दरनिश्चितीच्या वेळी मोठ्या उद्योगांच्या व ग्राहक संघटनांच्या हरकती आयोगापुढे पद्धतशीरपणे मांडल्या जातात. खेड्यातील घरगुती ग्राहकाचा आवाज तेथे क्वचितच पोचतो. कायद्याने मात्र दोघांनाही सारखाच अधिकार दिला आहे. पुढील याचिकेची सूचना वृत्तपत्रात येईल तेव्हा ती ग्रामसभेत वाचून दाखविली गेली, गावातील खंडित पुरवठ्याच्या व चुकीच्या वाचनाच्या तारीखवार नोंदी तिला जोडल्या गेल्या आणि ठरावासह हरकत आयोगाकडे रवाना झाली, तर दर ठरताना गावाची बाजूही विचारात घ्यावी लागेल.