मिरचीची मर : औषधाच्या बाटलीआधी करायचे उपाय



नाशिकच्या द्वारका चौकातून भाजीपाल्याच्या गाड्या मुंबईला जातात, आग्रा रस्त्याला लागतात, पुण्याकडे वळतात. पण मिरचीचा माल गाडीत चढायच्या आधीच शेतात झाडांनी माना टाकल्या, तर बियाणं, खत, मजुरी सारं मातीत जातं. मर बहुधा दिसते ती फुलं-फळं धरल्यावर, म्हणजे खर्च होऊन गेल्यावर. म्हणून तिचा बंदोबस्त लावणीच्या आधीच करायचा असतो.

आधी रोग ओळखा

मर एकाच कारणाने येत नाही. सुकू लागलेलं झाड उपटा, जमिनीलगतच्या खोडाचा दोन-तीन इंचाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. कापातून दुधासारखे पांढरे धागे उतरले, तर ती जिवाणूंची मर. तिच्यावर बुरशीनाशक ओतणे म्हणजे पैसे पाण्यात.

धागे नाहीत, पण खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसतात, तर फ्युजेरियम बुरशीचा संशय घ्या. पाणी साचल्यावर बुंधा काळा पडून झाड एकाएकी बसले, तर फायटोफ्थोरा. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे असतील, तर स्क्लेरोशियम.

नुसत्या औषधाने का भागत नाही?

या बुरश्या मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि ओतलेले औषध सगळ्या मातीत पोचत नाही. शिवाय कार्बेन्डाझिम फायटोफ्थोरावर चालत नाही, उलट मातीतली उपयोगी ट्रायकोडर्मा बुरशी मारते.

मग करायचं काय?

1. फेरपालट. टोमॅटो, वांगी, बटाटा ही मिरचीची भावंडं. त्यांच्यामागे मिरची लावू नका. मर लागलेल्या रानात किमान तीन वर्षे मका, ज्वारी, बाजरी यांसारखी पिके घ्या.

2. रोपवाटिकेला ऊन द्या. एप्रिल-मे महिन्यात वाफा भिजवा, त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजवा आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवा. मातीतली उष्णता वाढून रोगजंतू व तणांचे बी मरते. इस्राएलमध्ये 1976 साली या पद्धतीचे प्रयोग प्रसिद्ध झाले. नाशिकच्या उन्हाळ्यात ऊन तर फुकटच मिळते.

3. ट्रायकोडर्मा. ही बुरशी रोगट बुरशीवर जगते. रिचर्ड वेइंडलिंग यांनी 1932 सालीच हे दाखवून दिले होते. पेरताना एक किलो बियाण्याला 5 ते 10 ग्रॅम चोळा. लावणीआधी एकरी दोन-अडीच किलो भुकटी 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. ढीग सावलीत गोणपाटाने झाकून दहा-पंधरा दिवस ओलसर ठेवा, अधूनमधून खालीवर करा आणि वाफशावर जमिनीत मिसळा. पाकिटावरची मुदत पाहूनच खरेदी करा. पाकीट उन्हात ठेवू नका आणि रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नका.

4. निंबोळी पेंड. एकरी 100 ते 200 किलो पेंड शेणखताबरोबर द्या. सूत्रकृमी मुळांना जखमा करतात आणि त्यातून मर आत शिरते. पेंडीने त्यांनाही आळा बसतो.

5. पाणी आवरा. काळ्या भारी जमिनीत हाच सगळ्यात मोठा उपाय. गादीवाफा उंच ठेवा, चर काढा, शक्य असेल तर ठिबक वापरा. रोगट सरीतले पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका.

झाड सुकलंच तर?

पूर्ण सुकलेले झाड कशानेही परत उठत नाही. ते मुळासकट काढून जाळा. बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तोच रोग शेणखतातून रानात येईल. खुरपी आणि अवजारांची माती धुऊन मगच दुसऱ्या रानात जा. शेजारच्या निरोगी झाडांच्या मुळाशी लिटरला 5 ते 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा घालून आळवणी करा.

जैविक उपाय सावकाश काम करतात. हे आधीचं राखण आहे, आग लागल्यावरचं पाणी नव्हे. रोग ओळखता आला नाही, तर मातीसह उपटलेलं झाड कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. दुकानात जाण्याआधी ही एक फेरी मारा. तिला खर्च थोडा आणि तीत वाचतं पुष्कळ.