पुलावरच्या डब्याचा आकडा: आधी वेळ बघा, मग नाव सोडा



परवाच्या सभेत एका सभासदाने विचारलं, "भाऊ, पुलावरच्या त्या सोलरवाल्या डब्याजवळ कधी माणूस दिसत नाही. मग पाण्याचा आकडा मोबाईलवर येतो कसा?" प्रश्न सगळ्यांच्या कामाचा आहे, म्हणून उत्तर इथे लिहितो.

नर्मदेची पातळी केंद्रीय जल आयोग मोजतो. आपल्या बाजूला मंडलेश्वरला त्यांचं केंद्र आहे. पूर्वी माणूस घाटावरची पट्टी वाचून आकडा कळवायचा. आता नद्यांवर अनेक ठिकाणी आपोआप चालणारी यंत्रं आहेत. त्यात तीन गोष्टी असतात.

१) सेन्सर: पुलावरून खाली तोंड करून रडार लावलेला असतो. तो पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. अंतर कमी झालं म्हणजे पाणी चढलं.

२) लॉगर: हाच तो डबा. आकडा वेळेसकट साठवतो. सोलर आणि बॅटरीवर चालतो.

३) अँटेना: साठवलेला आकडा साधारण दर तासाला इन्सॅट उपग्रहाकडे पाठवते. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर आहे. तिथून आकडा जयपूर किंवा ओडिशातल्या बुर्ला इथल्या केंद्रात उतरतो. वादळात मोबाईलचा टॉवर बंद पडतो, म्हणून हा वरचा रस्ता.

उपग्रहाशी संपर्क तुटला तरी लॉगर आकडे साठवत राहतो. नंतर कर्मचारी येऊन ते काढून नेतो. रेकॉर्ड वाचतं, पण त्या दिवशी नदीत असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही.

आता आपल्या हातातलं.

• रडारच्या बरोबर खाली नाव बांधू नका. रडारला पाणी आणि नाव यातला फरक कळत नाही. मीटरभर उंच नाव खाली असेल तर पाणी मीटरभर चढलं असंच तो सांगणार.

• डब्याला, सोलरला, वायरीला हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. एक बॅटरी गेली की खालच्या सगळ्या गावांचा आकडा बंद.

• पाऊस मोजायच्या भांड्यात पालापाचोळा दिसला किंवा डबा तुटलेला दिसला तर आपण उघडायचं नाही. संस्थेत सांगा, आम्ही कळवू.

• १७ ऑगस्ट २०२३ ला आयोगाने 'फ्लडवॉच' ॲप काढलं. त्यात आकडा बघाल तेव्हा सोबतची वेळ आधी वाचा. चार तासांपूर्वीचा आकडा म्हणजे चार तासांपूर्वीची नदी.

ताजा आकडा असला तरी धरणातून पाणी सुटलं तर दोन आकड्यांच्या मधल्या वेळात नदी बदलते. ७ एप्रिल २००५ ला धाराजीला आकाशात पाऊस नव्हता. अमावस्येच्या मेळ्याला लोक नदीत होते, वरून इंदिरासागरचं पाणी आलं आणि ६० हून जास्त माणसं गेली.

म्हणून ॲप बघा, पण सायरन वाजला किंवा पाणी गढूळ होऊन चढायला लागलं तर आकड्याची वाट बघू नका. जाळं राहू द्या, काठावर या. जाळं दुसरं घेता येतं.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना शेजारच्या नाववाल्याने आकडा आणि वेळ दोन्ही वाचून दाखवावी, ही विनंती.

आपला,
सचिव