मफलर : एका शब्दाचा प्रवास

थंडीचे दिवस आले कीं पेटींतून मफलर बाहेर निघतो. पहाटे फिरावयास जाणारे वृद्ध गृहस्थ असोत कीं रात्रपाळीचा पहारेकरी असो, कानांवरून व गळ्याभोंवतीं गुंडाळलेलें हें लोंकरीचें वस्त्र मराठी घरांत आतां परकें वाटत नाहीं. परंतु त्याच्या नांवाचें मूळ शोधूं गेल्यास तें गळ्याशीं न सांपडतां हाताशीं सांपडतें, ही मौजेची गोष्ट आहे.

मध्ययुगीन लॅटिन भाषेंत ‘मुफुला’ म्हणजे जाड हातमोजा. फ्रेंचांनीं त्याचें ‘मूफ्ल’ केलें. चार बोटें एकत्र आणि अंगठा निराळा अशा हातमोज्यास ते आजही हेंच नांव देतात. त्यावरून ‘जाड वस्त्रांत लपेटणें’ या अर्थाचें क्रियापद झालें, व १५ व्या शतकांत तें इंग्रजींत ‘मफल’ या रूपानें आलें. त्यास कर्तृवाचक प्रत्यय लागून १६ व्या शतकांत ‘मफलर’, म्हणजे लपेटणारा, हा शब्द तयार झाला.

आरंभीं मफलर मुख्यत्वें स्त्रियांचा. मुखाचा खालचा भाग झांकण्यासाठीं त्या तो बांधीत. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ या नाटकांत स्थूलदेही फॉल्स्टाफ स्त्रीवेषानें निसटूं पाहतो, तेव्हां मफलरखालची दाढी एका पात्राच्या दृष्टीस पडते! पुढें हें वस्त्र मुखावरून गळ्यावर उतरलें. मध्यंतरीं, १७४७ सालीं, लंडनचा मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन यानें शिष्यांस सरावांत इजा होऊं नये म्हणून जाड हातमोजे दिले. त्यांसही मफलर म्हणत. शब्द जणूं माहेरीं येऊन गेला.

जें लपेटावें त्याचा आवाज दबतो. अंत्ययात्रेंतील पडघमांवर कापड घालणें, चर्चमधील घंटेच्या लोळ्यास चामड्याची गादी बांधणें, रात्रीं चाहूल लागूं नये म्हणून वल्ह्यांस चिंध्या गुंडाळणें, या सर्वांस इंग्रजींत ‘मफल’ करणें म्हणतात. म्हणूनच १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत इंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणास मफलर हें नांव मिळालें. सिलिंडरांतून तप्त वायु मोठ्या दाबानें बाहेर पडतांना कडकडाट होतो. मफलरमधील कप्पे व सच्छिद्र नळ्या त्याच्या लहरी उलट परतवितात, आणि त्या एकमेकींस मारून आवाज मंदावतो. ब्रिटनमध्यें मात्र यास ‘सायलेन्सर’ म्हणतात, आणि आपल्याकडे तोच शब्द रूढ झाला. त्यामुळें मराठी मफलर गळ्यापुरताच उरला.

‘गळपट्टा’ असतांना हा परका शब्द कशास, असें कोणी विचारील. पण गळपट्टा कुत्र्याच्या गळ्यांतही असतो. कान झांकणाऱ्या उबेचा अर्थ त्यांत येत नाहीं. शिवाय इंग्रजांनीं तरी हा शब्द फ्रेंचांकडूनच घेतला आणि त्यास नवीं कामें देऊन आपलासा केला. घेतलेला शब्द भाषेच्या उपयोगीं पडला, कीं तो तिचाच होतो.