गल्ल्यावरून उठताना

इंदूरच्या होळकरांच्या गादीवरून दोन राजे हयातीतच पायउतार झाले. शिवाजीराव १९०३ साली आणि तिसरे तुकोजीराव १९२६ साली. दोन्ही वेळी सही एका दिवसात झाली आणि दोन्ही वेळी वारस अल्पवयीन होता. तुकोजीरावांना पूर्ण अधिकार मिळायला १९११ साल उजाडलं, पुढच्या यशवंतरावांना १९३०. तोवर कारभार कौन्सिलच्या हाती. गादी सोडायला एक दिवस पुरतो, पण कारभार दुसऱ्याच्या हातात मुरायला वर्षं जातात, हे राजवाड्याभोवतीच्या सराफा, बर्तन बाजार, शीतलामाता बाजार, खजुरी बाजार इथल्या साठीतल्या दुकानदारांनी ध्यानात घेण्यासारखं आहे.

उलट उदाहरणही याच घरातलं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव मारले गेले आणि मल्हाररावांनी हळूहळू सुनेला, अहिल्याबाईंना, कारभारात घेतलं. सरदारकी १७६६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांच्याच नावावर होती. कामं मात्र बारा वर्षं अहिल्याबाईंकडे सरकत होती. १७६५ च्या पत्रव्यवहारात ते त्यांना तोफखाना घेऊन चंबळेपलीकडे ग्वाल्हेरच्या रोखानं जायला सांगतात, दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात. ‘तू आता सगळं सांभाळ’ अशी मोघम भाषा तिथे नाही. नेमकं काम, नेमकी जागा, नेमका सरंजाम. मल्हारराव गेले, वर्षभरात नातू मालेरावही गेले, वारसाचा घोळ पाहून राघोबादादा माळव्यावर डोळा ठेवून आले. तेव्हा अहिल्याबाई ठाम उभ्या राहिल्या त्या या बारा वर्षांच्या जोरावर.

आजकाल बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलट होतं. सीए सल्ला देतो, कागदावर मुलगा भागीदार होतो, आणि चेकबुक, खरेदी, उधारीची वही सगळं वडिलांच्याच हातात राहतं. मालकी गेली, सत्ता राहिली. माझ्या मते क्रम बदलायला हवा: आधी घरखर्च धंद्यापासून तोडायचा, मग अधिकार तुकड्या-तुकड्यानं द्यायचे, मालकी सगळ्यांत शेवटी.

पहिल्या पायरीसाठीही होळकरशाहीतच शब्द सापडतात: खासगी आणि दौलत. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर लावून दिली. तिचा हिशोब दौलतीपासून वेगळा. पुढे अहिल्याबाईंनी देशभर देवळं आणि घाट बांधले ते या खासगीतून. आपल्या दुकानदाराचं काय? भाजी गल्ल्यातून, नातवाची फी गल्ल्यातून, लग्नाचा आहेर गल्ल्यातून. मग ‘निवृत्त झाल्यावर महिन्याला किती लागतील?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. म्हणून उठायच्या निदान पाच वर्षं आधी मालकानं दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम घराच्या खात्यात टाकावी आणि गल्ल्याला हात लावू नये. वर्षभरात खरा आकडा कळतो, आणि दुकान दोन घरं पोसू शकतं की नाही, हेही कळतं. त्याच काळात आरोग्य विमा घेऊन टाकावा, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. तिचं व्याज दर तिमाहीला येतं, दुकान चालो न चालो.

आता अधिकार. समजा, बर्तन बाजारात भांड्यांचं घाऊक आणि किरकोळ दुकान आहे. वडील बासष्टचे, मुलगा चौतीसचा. मुलगा दहा वर्षं काउंटरवर उभा राहून विक्री करतो, म्हणून त्याला धंदा येतो असं घरचे धरून चालतात. पण नफा ठरतो खरेदीत आणि बुडतो उधारीत, आणि या दोन्ही गोष्टी त्यानं लांबून पाहिलेल्या असतात.

खरेदीपासून सुरुवात करावी, तीही एका मालापासून. जगाधरीचा स्टीलचा माल वडिलांकडे, मुरादाबादचा पितळी माल मुलाकडे. धनतेरसचा माल श्रावण-भाद्रपदातच बोलून ठेवावा लागतो. किती उचलायचा, कुठल्या भावानं, कुणाच्या शब्दावर, हे मुलानं ठरवायचं आणि वडिलांनी फक्त कमाल रक्कम ठरवून द्यायची. त्या रकमेच्या आत तो चुकला तर चुकू द्यावं. दिवाळीनंतर फडताळात पडून राहिलेल्या पन्नास समया जे शिकवतात ते वडिलांच्या व्याख्यानानं होत नाही. पुढच्या वर्षी दुसरा माल, त्यापुढच्या वर्षी व्यापाऱ्यांशी बोलणंही त्याचंच.

उधारी अवघड, कारण ती अर्धी वहीत आणि अर्धी मालकाच्या डोक्यात असते. देवासचा अमका दिवाळीनंतरच देतो पण देतो; महूचा तमका गोड बोलतो आणि टाळतो; खरगोनच्या एका घराला तगादा करायचा नाही, कारण त्यांनी कधीतरी अडचणीत हात दिला होता. हे सगळं एकदा बसून, नावागणिक, मुलाच्या हातानं लिहून घ्यावं. चार-पाच रविवार दुपारी लागतील. मग त्या यादीतल्या प्रत्येकाकडून बाकीच्या रकमेवर सही घ्यावी. हे नुसतं शिस्तीसाठी नाही. साध्या उधारीच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं बाकी लेखी कबूल केली, तर मुदत नव्यानं मोजली जाते. वडिलांच्या शब्दाखातर चालत आलेली दहा वर्षांची बाकी मुलाच्या काळात कोर्टात उभी राहत नाही. आणि वसुलीला पहिली फेरी दोघांनी मिळून करावी. ‘आता हाच येईल’ हे वाक्य ग्राहकानं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे.

बँकेची सही त्यानंतर. आधी ठरावीक रकमेपर्यंत मुलाची एकट्याची, त्यावर दोघांची. दरवर्षी मर्यादा वाढवत जायची.

यात सगळ्यांत जास्त बिघडतं ते खुर्चीपाशी. जुना ग्राहक दारातूनच विचारतो, “बडे भैया नहीं हैं क्या?” वडील आतून उठून येतात, भाव दोन टक्के पाडतात, ग्राहक खूश, आणि मुलाची सहा महिन्यांची मेहनत तिथेच संपते. वडिलांनी तिथे एवढंच म्हणायचं, “भाव तो सांगेल, तुम्ही बसा, चहा घ्या.” अवघड जातं, पण दुसरा इलाज नाही. महिनाभर बाहेरगावी जाऊन पाहायचं असेल तर पहिल्या वर्षी मंदीचा महिना निवडावा, पण खरी परीक्षा धनतेरसच्या आठवड्यातली. त्या आठवड्यात वडील दुकानात हजर, पण गल्ल्यावर नाहीत, हे एकदा जमलं की निम्मं काम झालं. हा घोळ मोठ्या घरांतही होतो. टाटा समूहात सायरस मिस्त्री नोव्हेंबर २०११ मध्ये उपाध्यक्ष म्हणून निवडले गेले, वर्षभर बरोबर काम झालं, २०१२ च्या डिसेंबरात रतन टाटा पंच्याहत्तरीला बाजूला झाले; आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मिस्त्रींना हटवून तेच हंगामी अध्यक्ष म्हणून परत आले. नुसतं बरोबर बसल्यानं हस्तांतर पूर्ण होत नाही.

मग कागद. एकट्याच्या मालकीचं दुकान मुलाला घेऊन भागीदारी झालं की पॅन नवा, म्हणून जीएसटी नोंदणी नवी, चालू खातं नवं, गुमास्ता परवाना नवा. जुन्या नोंदणीत शिल्लक राहिलेलं इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मनं नव्या फर्मकडे न्यावं लागतं. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि समोरच्या फर्मनं पोर्टलवर ते स्वीकारावं लागतं. जुनी नोंदणी आधी रद्द करून बसलात, तर हा मार्ग अडतो.

भागीदार दोघंच असतील, तर वडील निवृत्त होताच भागीदारी उरत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. पुन्हा नवा पॅन, पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून अनेक घरांत सुनेला तिसरी भागीदार करतात. ते चांगलंच, पण तिचं भांडवल सासऱ्यानं बक्षीस म्हणून दिलेलं असेल, तर बक्षिसावर कर नसला तरी त्या भांडवलावरचं व्याज सासऱ्याच्याच उत्पन्नात मोजलं जातं. मुलाला किंवा मुलीला दिलं तर तसं होत नाही. मुलीचा विषय निघालाच आहे तर: दुकान मुलाला, म्हणजे मुलीला काय, हे वडिलांनी जिवंतपणी मृत्युपत्रात लिहून ठेवावं. ‘ती काही मागणार नाही’ या भरवशावर राहिलेली किती घरं पुढे कोर्टाची पायरी चढली, हे कुठल्याही वकिलाला विचारा.

दस्तात वडिलांचा उतार लिहून ठेवता येतो. पहिली काही वर्षं कार्यरत भागीदार म्हणून मेहनताना. नंतर नफ्यातला वाटा कमी कमी, आणि भांडवलावर व्याज; वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज फर्मला खर्चात धरता येतं. भांडवल किती हप्त्यांत परत मिळणार, हेही त्यातच. ते लिहिलेलं नसेल आणि हिशोब न मिटवता धंदा चालू राहिला, तर १९३२ चा भागीदारी कायदा निघालेल्या भागीदाराला पर्याय देतो: त्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा ६ टक्के व्याज. बाप-लेकात कलमं काढायची वेळ येऊच नये, म्हणून आधी लिहायचं.

निवृत्तीचा दस्त झाला म्हणजे जबाबदारी सुटली असं नाही. जाहीर नोटीस लागते: नोंदणी झालेल्या फर्मसाठी रजिस्ट्रारला कळवणं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापणं. तोवर बाहेरच्या घेणेकऱ्यांच्या लेखी वडील भागीदारच. जीएसटी खात्याला महिन्याभरात कळवलं नाही, तर कळवेपर्यंतच्या कराची जबाबदारी त्यांच्यावरही राहते. बँकेची कॅश क्रेडिट असेल तर वैयक्तिक हमी आणि गहाण घर वेगळ्या कागदानं सोडवावं लागतं. बँकेकडून लेखी मुक्ती हातात पडेपर्यंत मुलाच्या कर्जाला वडिलांचं घर टांगलेलं असतं.

दुकानाची जागा स्वतःची असेल तर सोपं. ती नावावर ठेवून फर्मला भाड्यानं द्यावी. वडिलांची जीएसटी नोंदणी नसेल आणि फर्मची असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून साधारणपणे त्या भाड्यावरचा कर फर्मनेच भरायचा आहे, एवढं मुनिमाला सांगून ठेवावं. पण जुन्या बाजारातली भाडेकरूची जागा असेल तर सावध. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पोटभाडं किंवा ताबा दुसऱ्याला देणं हे जागा खाली करायला लावण्याचं कारण आहे. मूळ भाडेकरू खरोखर भागीदार असेपर्यंत सहसा अडचण येत नाही. तो फर्ममधून बाहेर पडला आणि ताबा दुसऱ्याकडे राहिला की घरमालकाला मुद्दा मिळतो. तेव्हा अशा ठिकाणी आधी भाडेपावती मुलाच्या किंवा फर्मच्या नावावर करून घ्यायची बोलणी करावी, आणि निवृत्तीच्या दस्तावर सही त्यानंतर.

आणि मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत असेल, दुकानाकडे फिरकणारच नसेल तर? तर वीस वर्षं जुना मुनीम हाच बहुतेक वेळा खरा वारस असतो. त्याच्याकडे एकरकमी पैसा नसतो. म्हणून त्याला आधी लहान वाट्याचा भागीदार करावं, त्याच्या नफ्यातूनच भांडवल साठू द्यावं आणि चार-पाच वर्षांत वाटा उलटावा. पगडीचा, नावाचा आणि पडून राहिलेल्या मालाचा भाव सुरुवातीलाच ठरवून दस्तात घालावा. पडून राहिलेला माल मालकाच्या नजरेत नेहमी खरेदीच्या भावाचा असतो, मुनिमाच्या नजरेत भंगाराच्या. तो आकडा तिसऱ्या कुणा व्यापाऱ्यानं दुकानात उभं राहून, डब्यागणिक, काढून द्यावा.