साथीच्या मागावर

येरवड्याहून आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीकडे जाताना पोलिस ठाण्यासमोर आरोग्य भवन लागते. हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोग विभागाच्या सहसंचालकांचे कार्यालय तिथे आहे. गडचिरोलीचा हिवताप, कोकणातला लेप्टो, मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवरची गॅस्ट्रोची लागण अशा बातम्या शेवटी या पत्त्यावर येऊन पोहोचतात. केंद्र सरकारने २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून या खबरीला एक शिस्त आली. उपकेंद्रातली एएनएम लक्षणांवरून ‘एस’ फॉर्म भरायची, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर संभाव्य निदानाचा ‘पी’ आणि प्रयोगशाळा पक्क्या निदानाचा ‘एल’. पुढे हेच काम ऑनलाइन झाले.

आकडा मात्र एवढेच सांगतो, की अमुक गावात ताप वाढला. तो का वाढला, कुणाला येतो, कुठून आला आणि कसा थांबवायचा, हे कळायला कुणीतरी त्या गावात जावे लागते. दारोदार फिरून विचारावे लागते, उत्तरे ताडून पाहावी लागतात, आणि पुरावा अर्धवट असतानाच निर्णय घ्यावा लागतो. एमबीबीएसच्या वॉर्डात हे शिकायला मिळत नाही. तिथे समोर खाटेवर एक रुग्ण असतो; इथे सगळे गावच तपासायचे असते. या कामासाठी डॉक्टरांना प्रत्यक्ष साथीच्या ठिकाणी नेमून घडवण्याची एक शिक्षणपद्धत जगात सात दशकांपासून रुजली आहे. महाराष्ट्राला तिची किती गरज आहे, हे पुण्यातल्या गेल्या काही वर्षांच्या घडामोडींनी दाखवून दिले.

साथीशी कसे वागू नये, याचा धडाही पुण्याने आणि येरवड्याने पाहिलेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्यात जन्मलेल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांवरून ओळखले, की ही प्लेगची साथ आहे. काही महिन्यांत ती पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि प्लेग कमिशनर रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले. लोकांनी रुग्ण लपवले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर चापेकरांना १८९८ मध्ये, तर वासुदेव व बाळकृष्ण चापेकर आणि महादेव रानडे यांना १८९९ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची सेवा करत होते. रुग्णांना उपचारासाठी आणता आणता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथ एकच, शहर एकच. पण सोजीर ज्या दारावर लाथ मारून आत गेला, तेच दार सावित्रीबाईंसाठी आतून उघडले गेले असेल. उघडलेल्या दारातूनच खरी माहिती बाहेर येते, हे आजही क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञाला पहिल्या दिवशी शिकावे लागते.

या शिक्षणाची आजची घडण अमेरिकेत झाली. कोरियन युद्धाच्या काळात जैविक हल्ल्याची धास्ती होती. ते निमित्त साधून अलेक्झांडर लँगम्युअर यांनी १९५१ मध्ये एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस (ईआयएस) उभी केली. तरुण डॉक्टरांना दोन वर्षांसाठी घ्यायचे, थोडे वर्गात शिकवायचे आणि कुठे साथ उठली की ताबडतोब तिकडे धाडायचे, अशी तिची रीत. या सेवेच्या बोधचिन्हात तळाला भोक पडलेला बूट आहे. १९८० मध्ये थायलंडने अशी योजना सुरू केली आणि मग ती अनेक देशांत पसरली.

भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी नोकरीतले डॉक्टर काही आठवडे चेन्नईत शिकायचे आणि उरलेला बहुतेक काळ आपापल्या भागात काम करायचे. २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने इंडिया ईआयएस हा दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. ज्यांना इतका काळ सोडता येत नाही, अशा तालुका पातळीवरच्या लोकांसाठी जगभर साधारण तीन महिन्यांचे प्राथमिक प्रशिक्षणही चालते.

दोन वर्षांच्या कार्यक्रमात डॉक्टरच्या हातून नेमके काय व्हावे लागते? साथीचा तपास त्याने स्वतः करायचा. एखाद्या रोगाची सर्वेक्षण व्यवस्था किती कामाची आहे, हे तपासून लेखी सांगायचे. जुनी आकडेवारी उलगडून अर्थ लावायचा, स्वतंत्र अभ्यास आखून तडीस न्यायचा, तो जाणकारांपुढे मांडायचा. प्रत्येकाच्या पाठीशी एक अनुभवी मार्गदर्शक असतो. रात्री उशिरा फोन करून ‘सर, आकडे जुळत नाहीत’ असे ज्याला सांगता येते, तो माणूस हाच या शिक्षणाचा कणा आहे.

पुरंदर तालुक्यातल्या बेलसरचे उदाहरण घेऊ. जुलै २०२१ च्या सुरुवातीपासून गावात तापाचे रुग्ण वाढू लागले. सगळा देश कोविडमध्ये गुंतलेला होता आणि ताप म्हटले की आधी त्याचीच शंका यायची. तरीही पाच जणांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले आणि त्यांतले तीन चिकुनगुन्याचे निघाले. काम तिथे संपवता आले असते. पण २७ ते २९ जुलैदरम्यान संस्थेचे पथक बेलसर आणि परिंचे गावांत गेले आणि ४१ जणांचे नमुने घेतले. त्यांत २५ चिकुनगुन्याचे, तीन डेंगीचे आणि एक झिकाचा. महाराष्ट्रातला हा पहिला झिका रुग्ण. ५० वर्षांची ती महिला तोवर बरीही झाली होती.

झिकाच्या बहुतेक रुग्णांना एक तर त्रास होत नाही किंवा किरकोळ ताप येऊन जातो. धोका असतो तो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला. म्हणून मग गावातल्या गरोदर महिलांची यादी झाली. पाणी साठवण्याची भांडी, टाक्या, रांजण तपासून डासांच्या अळ्या शोधल्या गेल्या. केंद्राच्या पथकात सार्वजनिक आरोग्याच्या तज्ज्ञासोबत एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक कीटकशास्त्रज्ञ होते, ते याचसाठी. तीन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, झिका पुणे शहरात एरंडवण्यात सापडला.

त्याहून अवघड परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये आली. सिंहगड रस्त्याच्या परिसरात हातापायांतली शक्ती जाऊन माणसे रुग्णालयात दाखल होऊ लागली. निदान होते गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’. हा आजार एरवी तुरळक दिसतो. एकाच भागातून एवढे रुग्ण येणे ही धोक्याची घंटा होती.

अशा वेळी पहिले काम असते ‘केस’ कुणाला म्हणायचे ते ठरवण्याचे. कोणती लक्षणे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या भागात, याची व्याख्या सैल ठेवली तर दुसऱ्याच आजाराचे रुग्ण यादीत घुसतात. फार घट्ट केली तर खरे रुग्ण निसटतात. मग लाइन लिस्ट बनते. दर ओळीवर एक रुग्ण: वय, पत्ता, लक्षणे कधी सुरू झाली, आधी जुलाब झाले होते का, पाणी नळाचे की टँकरचे, बाहेर काय खाल्ले. पत्ते नकाशावर मांडले, की ठिपके कुठे दाटले ते दिसते. या साथीत ते किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात दाटले. यांतली बरीच गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. वस्ती झपाट्याने वाढली होती, पाण्याची व्यवस्था तेवढी वाढली नव्हती.

खरी मेख वेळेच्या हिशोबात होती. जीबीएस बहुधा एखाद्या संसर्गानंतर येतो, आणि पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पोटात जातो, आधी जुलाब होतात आणि एक ते तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. म्हणजे रुग्ण आज लुळा पडला, तर त्याला बाधलेले पाणी दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे. आज नळाखाली बाटली धरून घेतलेला नमुना निर्दोष निघाला, तरी त्या दिवशीचे पाणी निर्दोष होते असे ठरत नाही. मधल्या काळात पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर पडलेली असते, क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी चोख येऊ लागलेली असते. म्हणून माणसांच्या आठवणींतून तो आठवडा पुन्हा उभा करावा लागतो. घरात आणखी कुणाला जुलाब झाले होते का? ज्या घरात कुणीच आजारी पडले नाही, तिथले पाणी कुठले? आजारी आणि निरोगी यांची अशी तुलना केल्याशिवाय संशयाचा पुरावा होत नाही. मार्चपर्यंत रुग्णांची संख्या सव्वादोनशेच्या आसपास गेली. राज्याच्या शीघ्र प्रतिसाद पथकाच्या मदतीला केंद्राचे सात जणांचे पथक आले होते. त्यात दिल्लीचे रोग नियंत्रण केंद्र, बेंगळुरूची निमहान्स आणि पुण्याची विषाणू संस्था यांचे तज्ज्ञ होते.

ही तुलना किती दूर नेते, हे बिहारमधल्या मुझफ्फरपूरने दाखवले. तिथे दर उन्हाळ्यात मुलांना पहाटे झटके यायचे आणि अनेक दगावायची. वर्षानुवर्षे विषाणूचा शोध चालू होता. २०१४ च्या हंगामात ३९० मुले दाखल झाली, १२२ गेली. इंडिया ईआयएसच्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या तपासात १०४ आजारी मुलांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना झाली. आजारी मुलांनी लिची खाल्लेली असण्याचे आणि रात्रीचे जेवण न घेतलेले असण्याचे प्रमाण जास्त निघाले. लिचीतल्या एका घटकामुळे उपाशी मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरत होती. उपाय साधा होता: मुलांना रात्री जेवू घाला आणि झटका आल्यास लगेच साखर तपासून ग्लुकोज द्या.

साथ प्रत्येक वेळी जंतूचीच असते असे नाही, हे बुलडाणा जिल्ह्यानेही अनुभवले. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस मुठी-मुठीने गळू लागले. पाण्यापासून बुरशीपर्यंत अनेक संशय घेतले गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले.

येरवड्याकडेच पुन्हा पाहू. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले संशोधक त्यात होते आणि निवडलेल्या प्रभागांत येरवडाही होता. कोविडची प्रतिपिंडे ५१.५ टक्के लोकांत सापडली, म्हणजे नोंदलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट लोकांना नकळत लागण होऊन गेली होती. सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६२.३ टक्के, तर स्वतःचे शौचालय असलेल्यांत ४५.३ टक्के होते. येरवड्यातल्या लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगरसारख्या वस्त्यांतल्या माणसाला घरात थांबा म्हणून सांगताना त्याच्या घरात शौचालय आहे का, हे आधी विचारायला हवे, हा त्या आकड्यांचा अर्थ. असा प्रश्न सुचण्यासाठी वस्तीत हिंडलेला डॉक्टर लागतो.

असे डॉक्टर किती हवेत? आरोग्य सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात दोन लाख लोकांमागे एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ हा दंडक धरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या हिशोबाने राज्याला सुमारे ५६० जण लागतात, आणि ९४ लाखांच्या पुणे जिल्ह्याला ४७. जनगणनेला आता दीड दशक होत आले. आजचा आकडा याहून मोठाच असणार.

ही माणसे घडवायला पुण्याइतकी सोयीची जागा राज्यात दुसरी सापडणार नाही. १९५२ मध्ये स्थापन झालेली विषाणू संस्था इथे आहे, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय इथे आहेत, राज्याचे सर्वेक्षण येरवड्यातून चालते. हाकेच्या अंतरावर महापालिकेचे राजीव गांधी रुग्णालय, मध्यवर्ती कारागृह, मनोरुग्णालय आणि दाट वस्त्या आहेत; यांतली प्रत्येक जागा साथरोगाच्या विद्यार्थ्याला वेगळा प्रश्न घालते. इथे दरवर्षी काही वैद्यकीय अधिकारी दोन वर्षांसाठी नेमता येतील. त्यांनी सहा महिने आरोग्य भवनात राज्याची आकडेवारी वाचावी, उरलेला काळ जिल्ह्यांत साथींच्या मागे जावे, आणि विषाणू संस्थेतल्या व महाविद्यालयांतल्या जाणकारांनी त्यांना हाताशी धरावे.

त्यासाठी दोन गोष्टी शासनाला आधी ठरवाव्या लागतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर प्रशिक्षणाला गेला, की तिथली ओपीडी बंद पडू नये म्हणून त्याच्या जागी बदली डॉक्टर द्यायला हवा. नाहीतर कोणताही जिल्हा आरोग्य अधिकारी आपला माणूस सोडणार नाही. आणि तयार होऊन परतलेल्या डॉक्टरला सर्वेक्षणाच्याच पदावर ठरावीक वर्षे ठेवून बढतीत त्या कामाचे मोल धरायला हवे. दोन वर्षे साथी शोधायला शिकलेला माणूस दुसऱ्याच खात्याच्या फायली हाताळायला बसवला, तर पुढच्या किरकटवाडीला तो उपयोगी पडणार नाही. जानेवारी २०२५ नंतर पुण्याच्या हद्दीवरच्या गावांतले पाणी तपासण्याला वेग आला. ते पाणी पिऊन माणसे आजारी का पडतात हे शोधणाऱ्या डॉक्टरांची पदे महापालिकेने आणि राज्याने तेवढ्याच तातडीने निर्माण करून भरावीत.