परिषदेच्या दारापर्यंत

(हवामान बदलावर दरवर्षी जागतिक परिषद भरते. तेथे महाविद्यालयीन विद्यार्थी कसे जातात, त्यांच्या प्रवासासाठी पैसा कसा उभा केला जातो आणि तो उभा करणे का महत्त्वाचे आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

शाळेचा कबड्डीचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांसाठी निवडला गेला, की सर्वांना आनंद होतो. पण लगेच दुसरे प्रश्न उभे राहतात. गाडीभाडे कोण देणार? मुले राहणार कोठे? जेवणाचे काय? मग शिक्षक, पालक आणि गावातील दुकानदार थोडे थोडे पैसे देतात. या पैशाला मराठीत वर्गणी म्हणतात. तुम्ही उर्दूत त्यालाच चंदा म्हणता. वर्गणी जमली नाही, तर चांगला खेळणारा संघही घरीच बसतो.

अशीच वर्गणी जगातील अनेक विद्यार्थी एका मोठ्या कामासाठी गोळा करतात. ते काम म्हणजे हवामान बदलावरील जागतिक परिषदेला जाणे.

ही परिषद कशासाठी भरते, ते आधी पाहू. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो. पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता हा वायू अडवून धरतो. त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हिमनद्या वितळत आहेत, समुद्राची पातळी चढत आहे, कोठे अतिवृष्टी तर कोठे दुष्काळ पडत आहे. हे संकट एका देशाचे नाही. म्हणून १९९२ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो या शहरात जगातील देश एकत्र आले आणि त्यांनी एक करार मांडला. तो १९९४ साली लागू झाला. या कराराप्रमाणे पहिली परिषद १९९५ साली जर्मनीतील बर्लिन शहरात भरली. तेव्हापासून फक्त २०२० हे कोरोनाच्या साथीचे वर्ष सोडले, तर दरवर्षी ही परिषद भरत आली आहे. दर वेळी तिचे शहर बदलते. २००२ साली ती आपल्या दिल्लीत भरली होती. तिसावी परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम शहरात झाली.

या परिषदेत सहसा मतदान होत नाही. सर्व देशांची संमती मिळाली, तरच निर्णय होतो. म्हणून एकेका शब्दावर रात्र रात्र चर्चा चालते. २०२१ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात असेच घडले. कोळशाचा वापर हळूहळू बंद करावा, असे मसुद्यात लिहिले होते. शेवटच्या बैठकीत भारताने 'बंद' ऐवजी 'कमी' असा शब्द सुचवला. ज्या देशांना अजून गरिबी दूर करायची आहे, ते कोळसा बंद करण्याचे वचन कसे देणार, असे भारताचे म्हणणे होते. समुद्रातील लहान बेटांच्या देशांना हा बदल मुळीच आवडला नाही, कारण त्यांची जमीनच पाण्याखाली जाण्याचा धोका आहे. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. अखेर 'कमी' हाच शब्द राहिला. यावरून एक गोष्ट लक्षात येते. जो त्या सभागृहात असतो, तोच आपले म्हणणे मांडू शकतो. जो तेथे पोचतच नाही, त्याच्या वतीने कोण बोलणार?

परिषदेत निर्णय घेतात ते सरकारांचे प्रतिनिधी. पण त्यांच्याशिवाय मान्यता मिळालेल्या संस्थांची माणसेही तेथे जाऊ शकतात. त्यांना निरीक्षक म्हणतात. अनेक विद्यापीठांना अशी मान्यता आहे. तरुणांच्या संघटनांच्या गटालाही २००९ साली तात्पुरती आणि २०११ साली पूर्ण मान्यता मिळाली. निरीक्षक बैठका ऐकतात, टिपणे काढतात, प्रतिनिधींना भेटून आपले म्हणणे सांगतात. अध्यक्षांनी परवानगी दिली, तर त्यांच्या गटाला सभेत थोडा वेळ बोलताही येते. लहान देशांचे प्रतिनिधी मोजकेच असतात आणि बैठका मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी चालतात. अशा वेळी टिपणे काढून देणारा हुशार विद्यार्थी त्यांना मोलाचा वाटतो.

मान्यता मिळालेल्या संस्थेला ठरावीक प्रवेशपत्रे दिली जातात. त्यांच्यासाठी फी भरावी लागत नाही. म्हणजे दार उघडे आहे. पण त्या दारापर्यंत पोचायचे कसे? विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, राहणे, जेवण, शहरातील बसभाडे, या सगळ्यांचा खर्च असतो. परिषदेच्या दिवसांत त्या शहरातील हॉटेलांचे दर भराभर वाढतात. बेलेम शहरात २०२५ साली खोल्या इतक्या अपुऱ्या पडल्या, की ब्राझीलच्या सरकारला दोन मोठी प्रवासी जहाजे बंदरात आणून त्यांत लोकांची सोय करावी लागली. श्रीमंत देशांतील मोठी विद्यापीठे हा खर्च उचलू शकतात. गरीब देशांतील विद्यार्थ्यांना मात्र एवढा खर्च झेपत नाही. पूर, वादळ आणि दुष्काळ ज्यांच्या दारात आहेत, नेमके तेच विद्यार्थी मागे राहतात. म्हणून निधी गोळा करावा लागतो.

निधी गोळा करण्याचे मार्ग अनेक आहेत. काही ठिकाणी विद्यापीठ अर्धा खर्च देते. काही ठिकाणी माजी विद्यार्थी मदत करतात. कोणी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात, कोणी गाण्याचा कार्यक्रम ठेवतात. आता इंटरनेटवरूनही लोकवर्गणी जमवता येते. मदत नेहमी पैशाचीच असते असे नाही. ग्लासगोच्या परिषदेच्या वेळी हॉटेले परवडत नव्हती, तेव्हा स्कॉटलंडमधील अनेक कुटुंबांनी परदेशातून आलेल्या लोकांना आपल्या घरात ठेवून घेतले. पाहुण्याला एक खोली देणे, हीसुद्धा देणगीच होय.

या कामात शाळकरी मुलेही मागे राहिलेली नाहीत. १९९२ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरातील सेव्हर्न कलिस-सुझुकी ही बारा वर्षांची मुलगी आपल्या मैत्रिणींबरोबर रिओच्या परिषदेला गेली. हजारो किलोमीटरच्या या प्रवासासाठी लागणारा पैसा या मुलींनी स्वतः खटपट करून जमवला होता. सेव्हर्नने मोठमोठ्या नेत्यांसमोर भाषण केले आणि सुरुवातीलाच ही गोष्ट सांगितली. ती सांगण्यामागे अर्थ होता. आम्हाला येथे कोणी पाठवलेले नाही, आम्ही आमच्या इच्छेने आलो आहोत, हे त्यातून सर्वांना कळले. तिचे ते भाषण आजही जगभर ऐकले जाते.

निधी गोळा करणे म्हणजे नुसते हात पसरणे नव्हे. त्यात हिशेबाचे काम फार असते. समजा, एका महाविद्यालयाला दोन विद्यार्थी पाठवायचे आहेत आणि प्रत्येकी दीड लाख रुपये खर्च येणार आहे. म्हणजे तीन लाख रुपये हवेत. एक माणूस तीन लाख देईल, अशी वाट पाहत बसले तर परिषद संपून जाईल. पण सहाशे माणसांनी पाचशे पाचशे रुपये दिले, तर तेवढीच रक्कम जमते. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. उर्दूत थेंबाथेंबाने दर्या होतो असे म्हणतात. तळे असो की दर्या, थेंब मात्र मोजून ठेवला पाहिजे. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. तिकिटाला किती, राहण्याला किती, जेवणाला किती, हे अंदाजपत्रकात आधीच लिहावे. पैसे कमी पडले किंवा उरले, तर काय करणार, तेही देणाऱ्यांना आधीच सांगावे.

थोडी रक्कम राखून ठेवणेही जरुरीचे असते. २०१९ सालची परिषद दक्षिण अमेरिकेतील चिली देशात भरणार होती. पण तेथे मोठी निदर्शने आणि दंगली झाल्या, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस तेथील सरकारने परिषद घेण्यास नकार दिला. परिषद डिसेंबरमध्ये स्पेनमधील माद्रिद शहरात भरली. चिलीची तिकिटे काढून बसलेल्यांची किती धावपळ झाली असेल, याची कल्पना करा! विमानाच्या धुरामुळे हवा बिघडते, म्हणून युरोपातील काही तरुण शिडाच्या जहाजातून चिलीकडे निघाले होते. ते अटलांटिक महासागरात असतानाच त्यांना ही बातमी कळली.

येथे एक अवघड प्रश्न येतो. हवा वाचवण्यासाठी भरलेल्या परिषदेला विमानाने जाणे बरोबर आहे का? हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतात. बर्लिनच्या पहिल्या परिषदेला सुमारे चार हजार लोक होते. २०२३ साली दुबईच्या परिषदेला ऐंशी हजारांपेक्षा जास्त लोक आले. एवढ्या गर्दीत आणखी दोन विद्यार्थी गेल्याने काय होणार, असेही कोणी म्हणेल. दुसरा प्रश्न पैशाचा आहे. एखाद्या तेल कंपनीने सगळा खर्च देऊ केला, तर तो घ्यावा का? पैसा घेतल्यावर तिच्याविरुद्ध मोकळेपणाने बोलता येईल का?

या प्रश्नांना सोपी उत्तरे नाहीत. पण एक कसोटी लावता येते. जाणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही आहे का, आणि परत आल्यावर तो ते इतरांपर्यंत पोचवणार आहे का? जो केवळ छायाचित्रे काढून परत येतो, त्याच्यावर झालेला खर्च वाया जातो. जो आपल्या गावाचे दुःख तेथे मांडतो आणि तेथले निर्णय गावाला समजावून देतो, त्याच्यावर खर्च झालेला रुपया सत्कारणी लागतो.

विद्यार्थ्यांचा आवाज किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण पाहू. पॅसिफिक महासागरात व्हानुआतू नावाचा बेटांचा देश आहे. त्याची लोकसंख्या सुमारे तीन लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. २०१५ साली पाम नावाच्या चक्रीवादळाने तेथे फार मोठी हानी केली. तेथील विद्यापीठात २०१९ साली कायदा शिकणाऱ्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी वर्गातील अभ्यासातून एक कल्पना काढली. हवामानाचे नुकसान थांबवणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे की नाही, हे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे, अशी ती कल्पना होती. हेग शहर तेथून पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला आहे. विद्यार्थ्यांजवळ सत्ता नव्हती. त्यांनी पॅसिफिकमधील सरकारांना पत्रे लिहिली. व्हानुआतूच्या सरकारने त्यांचे म्हणणे उचलून धरले. इतर देशांतील तरुण त्यांना येऊन मिळाले. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा प्रश्न न्यायालयाकडे पाठवला. डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले, की हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्या देशाला भरपाईही द्यावी लागू शकते.

न्यायालयाचे हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे. ते कोणावर सक्तीने लादता येत नाही. तरीही यापुढे प्रत्येक परिषदेत लहान देश या मताचा आधार घेऊ शकतील. वर्गात सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत जगाच्या न्यायालयात पोचली.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी महाविद्यालयात जाईल. कदाचित तुमच्या दारात एखादी मुलगी पावतीपुस्तक घेऊन येईल आणि म्हणेल, "मला परिषदेला जायचे आहे, थोडी मदत कराल का?" तेव्हा तिला तीन प्रश्न जरूर विचारा. तू तेथे काय सांगणार? पैशाचा हिशेब कसा देणार? परत आल्यावर आम्हाला काय शिकवणार? तिची उत्तरे पटली, तर खिशातील दहा रुपयांची नोट लहान समजू नका. हजार नोटांमधली ती एक असेल. त्या नोटेबरोबर तुमचेही म्हणणे त्या सभागृहापर्यंत जाईल.

स्वाध्याय

१. हवामान बदलावरील पहिली परिषद केव्हा व कोठे भरली?
२. 'दार उघडे आहे, पण त्या दारापर्यंत पोचायचे कसे?' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. निधी गोळा करताना कोणती काळजी घ्यावी?
४. व्हानुआतूच्या विद्यार्थ्यांची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा.
५. 'थेंबे थेंबे तळे साचे' या म्हणीचा वाक्यात उपयोग करा.
६. परिषदेला विमानाने जावे की नाही? वर्गात दोन गट करून चर्चा करा.